सॅप पीएमचं सर्टिफिकेशन: प्लँटवर काम करणाऱ्याने अभ्यास कसा करावा?

पंपहाऊस

नमस्कार मंडळी. लोटे-परशुरामच्या पट्ट्यात एका केमिकल कारखान्यात मेकॅनिकल मेंटेनन्सला आहे. डिप्लोमा झाल्यावर फिटिंगपासून सुरुवात केली, आता प्लॅनिंग बघतो. सॅपमध्ये (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातला देखभालीचा भाग म्हणजे पीएम, प्लँट मेंटेनन्स) रोजचं काम आहेच: नोटिफिकेशन (बिघाडाची तक्रार) टाकणं, ऑर्डर (कामाचा आदेश) काढणं, शटडाऊनच्या आधी यादी तयार करणं.

ईसीसी या सॅपच्या जुन्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो, त्यामुळे आमच्याकडेही एस/४हाना या नव्या आवृत्तीचं वारं सुरू झालंय. प्रोजेक्ट टीममध्ये घ्यायला माणसं बघतायत आणि मला जायचंय. म्हणून असेट मॅनेजमेंटची असोसिएट परीक्षा (सी_टीएस४१३) द्यायचं ठरवलं आहे. घरी लहान मुलगी आहे, शिफ्ट आहे, अभ्यासाला रात्रीचा वेळच मिळतो.

विचारायचं असं की सुरुवात कुठून करावी? रोज वापरतो तेवढ्यावर भागेल का? आणि प्रिव्हेंटिव्हच्या (बिघडण्याआधीच करायच्या देखभालीच्या) शेड्युलिंगचा भाग, ते कॉल होरायझन, शिफ्ट फॅक्टर, टॉलरन्स, हे कितीही वाचलं तरी पक्कं बसत नाहीये. कुणी सोप्या उदाहरणाने समजावेल का?

ग्रीसगन

वाखूसा (वाचनखूण साठवली). मीही याच नावेत आहे, चाकणला. उत्तरांची वाट बघतोय.

सातपूरकर

पंपहाऊसदादा, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी नाशिकला प्लँट मेंटेनन्समध्ये होतो, आता पुण्यात पीएम कन्सल्टंट म्हणून काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी परीक्षेचं रूप. बरीच वर्षं ती ८० प्रश्न आणि १८० मिनिटं अशी होत होती. बहुपर्यायी प्रश्न असतात. काहींना एक उत्तर, काहींना दोन किंवा तीन, आणि किती ते प्रश्नाखालीच लिहिलेलं असतं. तीनपैकी दोन बरोबर आली म्हणून अर्धे गुण मिळत नाहीत, सगळी बरोबर हवीत. चुकलं तर गुण कापतही नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सर्टिफिकेट आता कायमचं नसतं, वर्षभराने मुदत वाढवण्यासाठी नव्या बदलांवरची छोटी चाचणी द्यावी लागते. सॅप हे स्वरूप अधूनमधून बदलतं, म्हणून बुकिंगच्या आधी त्यांच्या अधिकृत पानावर कोणत्या विषयाला किती टक्के वजन आहे ते बघून वही आखा.

आता तुमचा प्रश्न, रोज वापरतो तेवढ्यावर भागेल का. नाही भागणार, आणि मला या धाग्यात सगळ्यात जास्त जोर देऊन हेच सांगायचं आहे. परीक्षेला तुमच्या कारखान्याची पद्धत ठाऊक नसते. सॉफ्टवेअर मुळात कसं चालावं म्हणून बांधलंय ते ती विचारते. आपल्याकडे कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सेटिंग करून ठेवलेलं असतं आणि आपण त्यालाच सॅप समजतो.

साधं उदाहरण घ्या. मेंटेनन्स प्लँट आणि प्लॅनिंग प्लँट. यंत्र जिथे बसलंय तो मेंटेनन्स प्लँट. त्या यंत्राच्या कामाचं नियोजन जिथून होतं तो प्लॅनिंग प्लँट. तुमच्या कारखान्यात दोन्ही एकच असणार, म्हणून हा फरक रोजच्या कामात कधी समोर येतच नाही. परीक्षेत मात्र तीन प्लँट देतात, त्यातल्या एकाच ठिकाणी प्लॅनर बसलेले असतात, आणि विचारतात की काय कुठे नेमायचं.

तसंच फंक्शनल लोकेशन आणि इक्विपमेंट. पी-१०१ए ही जागा, आणि आज तिथे बसलेला पंप हे इक्विपमेंट. पंप काढून वर्कशॉपला नेला, जागी दुसरा बसवला, तर जागेवर काय काय घडलं ते जागेपाशी राहतं आणि पंपाचं पंपाबरोबर जातं. कित्येक ठिकाणी हे काढणं-बसवणं सिस्टीममध्ये कुणी दाखवतच नाही. मग तिथे काम करणाऱ्याला 'इन्स्टॉलेशन हिस्टरी'वरचा प्रश्न परका वाटतो.

सुरुवात मास्टर डेटापासून (यंत्रांच्या मूळ नोंदींपासून) करा. लोकेशन, इक्विपमेंट, बीओएम (यंत्राच्या सुट्या भागांची यादी), मेजरिंग पॉइंट (रीडिंग नोंदवायची जागा), टास्क लिस्ट (कामाच्या पायऱ्यांची यादी), वर्क सेंटर (काम करणारा गट). मग ब्रेकडाऊनचं चक्र, मग प्रिव्हेंटिव्ह, शेवटी खर्च आणि रिपोर्ट. शेड्युलिंगबद्दल वेगळं लिहीन, त्याला आकडे घेऊनच बसावं लागेल.

गाळप_हंगाम

सातपूरकर, माहिती छान दिलीत, पण माझं मत वेगळं आहे. मी साखर कारखान्यात इंजिनिअरिंग खात्यात आयुष्य काढलंय. सर्टिफिकेट हातात असलेली मुलं बघितली आहेत. ऑफ सीझनला मिल उघडली की रोलर शेलची झीज कशी मोजायची हे ठाऊक नाही, पण स्क्रीन फटाफट चालवतात. पंपहाऊस, तुम्ही पाना हातात धरून वर आलेले आहात. ती विद्या मोठी. कागदाच्या मागे लागून पैसा आणि झोप का घालवता? तेवढ्या वेळात व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिस शिका, जन्मभर उपयोगी पडेल.

जुबेलवासी

गाळप काका, तुमचा राग समजतो, पण एक बाजू राहिली. मी सौदीत आहे, मूळचा चिपळूणचा. इथे शटडाऊन प्लॅनरच्या जागेसाठी अर्ज चाळणारा माणूस प्लँटवरचा नसतो. त्याच्या यादीत एक चौकट असते, सर्टिफिकेट आहे की नाही. नसेल तर तुमचा अनुभव वाचायला कुणी पुढचं पान उलटत नाही. पाना चालवलेला माणूस त्या चौकटीपाशी अडावा याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी तरी म्हणेन, पंपहाऊस, द्या परीक्षा.

पर्यायही बघून ठेवा. तेल आणि गॅसमध्ये मॅक्सिमो हे देखभालीचं सॉफ्टवेअर बरंच आहे. ते १९८० च्या दशकातलं, आयबीएमने २००६ मध्ये विकत घेतलं. शब्द वेगळे पण विचार तोच: सॅपची टास्क लिस्ट तो तिकडचा जॉब प्लॅन. बिघाडाची नोंद प्रॉब्लेम, कॉज, रेमेडी अशी उतरंडीने जाते. वर्क ऑर्डर मंजुरीच्या प्रतीक्षेत, मंजूर, चालू, पूर्ण, बंद अशी पुढे सरकते. एक सिस्टीम मुळापासून कळली की दुसरी जड जात नाही.

आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला न बांधलेली, देखभाल आणि विश्वासार्हतेवरची सीएमआरपी परीक्षा आहेच. अमेरिकेतल्या एसएमआरपी या संस्थेची. ११० प्रश्न, अडीच तास. व्यवसाय आणि व्यवस्थापन, उत्पादन प्रक्रियेची विश्वासार्हता, यंत्रांची विश्वासार्हता, संघटन आणि नेतृत्व, आणि कामाचं नियोजन असे तिचे पाच खांब. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. गाळप काका, तुमच्यासारख्यांनी ती द्यावी. तिच्यात स्क्रीनवरचं एकही बटण विचारत नाहीत.

गाळप_हंगाम

जुबेलवासी, चौकटीचं पटलं. परदेशात जाणाऱ्याचं गणित वेगळं हे मान्य. तरी विद्या आधी, हे मी सोडणार नाही.

ग्रीसगन

काका, मिलच्या रोलरचा शाफ्ट नेमका रविवारीच तुटतो, त्यासाठी सॅपमध्ये कॉज कोड आहे का? :)

बरं, कामाचं विचारतो. एका ग्रुपवर 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून पीडीएफ फिरतेय. उत्तरांसकट. ती पाठ केली तर?

सातपूरकर

ग्रीसगन, ती फाइल उघडूही नका. परीक्षेला बसताना जो करार मान्य करतो त्यात हे सरळ निषिद्ध आहे, आणि मिळालेलं सर्टिफिकेट काढून घेतलं जाऊ शकतं. शिवाय त्या फायलींमधली उत्तरं कुणीतरी अंदाजाने लिहिलेली असतात. कित्येक चक्क चूक आणि जुन्या आवृत्तीची. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असंच पाठांतर करून पास केली. पहिल्याच प्रोजेक्टमध्ये ग्राहकाच्या मेंटेनन्स हेडने विचारलं, "ऑर्डर टेको केल्यावर कंत्राटदाराचं बिल आलं तर ते चढेल का?" याला सांगता आलं नाही. समोरचा माणूस तीस वर्षं प्लँट चालवणारा होता. त्या दिवसानंतर त्या खोलीत याचं कुणी ऐकलं नाही.

(उत्तर: चढेल. टेको म्हणजे काम तांत्रिकदृष्ट्या संपलं. शिल्लक रिझर्वेशन (राखून ठेवलेला माल) आणि कपॅसिटी (राखलेले कामाचे तास) मोकळी होते, पण खर्च येऊ शकतो. बिझनेस कम्प्लिशन झाल्यावर मात्र दार बंद.)

सॅपच्या स्वतःच्या लर्निंगच्या साइटवर या विषयाचे पाठ फुकट आहेत. सरावाची सिस्टीम हवी असेल तर पैसे पडतात. कंपनीचा ट्रेनिंग क्लायंट (सिस्टीमची सरावासाठीची वेगळी प्रत) मिळाला तर उत्तम, आयटीवाल्यांकडे लेखी मागा.

स्टोअरकीपर

मी स्टोअरची बाजू लिहिते, कारण परीक्षेत तीही येते आणि मेंटेनन्सवाले नेमकी तीच टाळतात.

ऑर्डरमध्ये मटेरियल टाकताना आयटम कॅटेगरी असते. 'एल' म्हणजे साठ्यातला माल. ऑर्डर रिलीज झाली की आमच्याकडे रिझर्वेशन दिसतं. 'एन' म्हणजे साठ्यात नसलेला माल. त्यातून थेट परचेस रिक्विझिशन (खरेदीची मागणी) तयार होते, स्टोअरच्या कपाटाशी त्याचा संबंध नाही. आमच्या इथले साहेब लोक घाईत सगळ्यालाच 'एन' टाकतात. माल कपाटात पडून आणि वर नवी खरेदी. एकच बेअरिंग आमच्या मास्टरमध्ये वेगवेगळ्या नावांनी सापडतं. एकाने आधी कंपनीचं नाव लिहिलं, दुसऱ्याने आकडा, तिसऱ्याने 'मोटरचं पुढचं बेअरिंग' एवढंच. रात्री यंत्र बंद पडतं, फिटर दारात येऊन उभा राहतो, स्क्रीनवर शून्य दिसतं आणि माल तीन फुटांवर असतो. मला याचा खरंच त्रास होतो.

म्हणून पंपहाऊसदादा, बीओएम नीट शिका, नुसतं परीक्षेपुरतं नाही. इक्विपमेंटला बीओएम जोडलेलं असलं की ऑर्डरमध्ये स्पेअर तिथूनच उचलता येतो, नाव टाइप करावं लागत नाही. एकसारखे वीस पंप असतील तर प्रत्येकाला वेगळं बीओएम न करता एक मटेरियल बीओएम करून कन्स्ट्रक्शन टाइपमधून सगळ्यांना लावता येतं. यावरही प्रश्न येतो.

गाळप_हंगाम

स्टोअरकीपर ताई, अगदी आमच्या कारखान्याचं लिहिलंत!

आता मीच जरा अवांतर करतो. बिघाडाच्या कोडचं काय करायचं? आमच्याकडे निम्म्याहून जास्त ब्रेकडाऊनचं कारण 'इतर'. मग वर्षाअखेर रिपोर्ट काढून उपयोग काय? मला सॉफ्टवेअरवर भरवसा नाही तो यामुळे.

सातपूरकर

काका, हे अवांतर नाही, परीक्षेतला विषयच आहे. सॅपमध्ये कॅटलॉग असतात: कोणता भाग बिघडला, काय बिघाड झाला, कारण काय, काय उपाय केला. आणि कॅटलॉग प्रोफाइल नावाची सोय आहे. पंपाच्या प्रोफाइलमध्ये पंपाचेच कोड दिसावेत, कन्व्हेयरचे नकोत. बहुतेक ठिकाणी प्रोफाइल लावतच नाहीत. मग रात्रपाळीच्या माणसापुढे शेकडो कोडची यादी उघडते आणि तो बिचारा 'इतर' निवडून मोकळा होतो. दोष त्याचा नाही. आठ-दहा नेमके कोड समोर ठेवा, तो बरोबर भरतो. मेकॅनिकल सील गळलं तर कारण कोरडं चालणं, अलाइनमेंट की चुकीचं मटेरियल, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?

गाळप_हंगाम

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी आमच्या आयटीच्या मुलाला धरतो. टर्बाइन, मिल, बॉयलर फीड पंप, तिघांचे वेगळे कोड लिहून देतो त्याला.

मृदगंध

मी या क्षेत्रातली नाही, गणित शिकवते. नवरा हीच परीक्षा देऊन गेलाय, त्यामुळे घरात बरंच कानावर पडलंय. अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एक सुचवते. रोज थोडं थोडं सगळं वाचण्यापेक्षा एकच यंत्र घ्या आणि त्याची पूर्ण गोष्ट सिस्टीममध्ये घडवा. त्याने एक कूलिंग वॉटर पंप घेतला होता. आधी लोकेशन, मग इक्विपमेंट, मग बीओएम, टास्क लिस्ट, मेंटेनन्स प्लॅन. मग मुद्दाम तो 'बिघडवला': नोटिफिकेशन, ऑर्डर, रिलीज, मालाची उचल, तासांची नोंद, टेको, सेटलमेंट (खर्च योग्य खात्यावर टाकणं). प्रत्येक पायरीला 'आता मागे काय बदललं?' हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचा. रात्री मला समजावून सांगायचा. मी मध्ये 'का?' विचारलं आणि तो अडखळला की तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शिफ्ट करणाऱ्याला हे जमतं, कारण रोज एकच पायरी करायची असते. आणि रात्रपाळी उतरल्यावर नवीन धडा घेऊ नका, त्या दिवशी फक्त उजळणी.

पंपहाऊस

मृदगंधताई, ही पद्धत उद्यापासून. आमच्याकडे गळका पंप शोधायला लांब जावं लागत नाही. बायकोला विचारलं, 'का?' विचारायची जबाबदारी तिने आनंदाने घेतली आहे.

सातपूरकर, आयटीला मेल टाकला आहे. एस/४हानामधली नऊ टप्प्यांची भानगड काय आहे? आम्ही तर नोटिफिकेशन, ऑर्डर, टेको एवढंच करतो.

सातपूरकर

भानगड नाही, कामाचीच वाटणी आहे. इनिशिएशन, स्क्रीनिंग, प्लॅनिंग, अप्रूव्हल, प्रिपरेशन, शेड्युलिंग, एक्झिक्युशन, पोस्ट-एक्झिक्युशन, कम्प्लिशन. क्रम पाठच करा. त्यात नवीन वाटावं असं म्हणजे स्क्रीनिंग. आलेली प्रत्येक तक्रार थेट ऑर्डर होत नाही. कुणीतरी ती बघतो, माहिती अपुरी असेल तर परत पाठवतो, दुबार असेल तर नाकारतो, महत्त्व ठरवतो. एकाच गळतीच्या तीन शिफ्टच्या तीन ऑर्डर होतात ना, ते इथे थांबतं. प्रिपरेशन म्हणजे माल, परमिट, माणसं तयार आहेत की नाही ते बघणं. कोणत्या टप्प्यात कोण काय करतो, असे प्रश्न येतात.

ग्रीसगन

आणि शेड्युलिंग? मूळ प्रश्न राहिलाच की!

सातपूरकर

बरोबर, ते बाकी आहे. कागद-पेन घ्या.

समजा १०० दिवसांचं चक्र आहे. सुरुवात शून्य दिवशी, म्हणजे काम १०० व्या दिवशी व्हायचं आहे.

कॉल होरायझन म्हणजे ऑर्डर तयार कधी व्हावी. ८० टक्के ठेवलं तर ८० व्या दिवशी ऑर्डर पडेल, कामाची तारीख १०० वाच दिवस. मधले २० दिवस स्पेअर आणि परमिटसाठी. ० टक्के ठेवलं तर शेड्युल करताक्षणी ऑर्डर, १०० टक्के ठेवलं तर थेट कामाच्याच दिवशी. स्पेअर बाहेरून यायला महिना लागत असेल तर १०० टक्के ठेवणं म्हणजे प्लॅनरचा बळी देणं.

आता काम उशिरा झालं, ११० व्या दिवशी. पुढची तारीख कधी? हे शिफ्ट फॅक्टर ठरवतो. १०० टक्के असेल तर पूर्ण १० दिवस पुढे, म्हणजे २१०. ५० टक्के असेल तर निम्मा उशीर, २०५. ० टक्के असेल तर उशिराकडे दुर्लक्ष, २००. ऑइल बदलायचं असेल तर मी १०० टक्के ठेवीन, कारण तेल बदलल्या दिवसापासून त्याचं आयुष्य मोजायचं. कायद्याने ठरलेल्या तपासणीला ० ठेवीन, आपण उशीर केला म्हणून पुढची तारीख सरकत नाही.

टॉलरन्स म्हणजे किती उशीर माफ. १० टक्के असेल तर १०० दिवसांच्या चक्रात १० दिवसांची माफी. त्याच्या आतल्या उशिराने पुढचं वेळापत्रक हलत नाही. लवकर काम झालं तर त्यासाठी वेगळा शिफ्ट फॅक्टर आणि वेगळी टॉलरन्स असते. परीक्षेत 'लवकर' की 'उशिरा' हा शब्द नीट वाचा, घाईत तिथेच गुण जातात.

आता तुम्हा दोघांना गणित. चक्र १०० दिवस, उशिराची टॉलरन्स १० टक्के, शिफ्ट फॅक्टर १०० टक्के. काम १०६ व्या दिवशी झालं. पुढची तारीख?

ग्रीसगन

२०६!

पंपहाऊस

ग्रीसगन, थांबा. ६ दिवस उशीर १० च्या माफीत बसतो. मग शिफ्ट फॅक्टर बघायचाच नाही. २००?

सातपूरकर

२००. पंपहाऊसदादा, बसलं की पक्कं!

ग्रीसगन

आलं लक्षात, आधी टॉलरन्स बघायची, मगच फॅक्टर. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

पंपहाऊस

आता हिंमत आली म्हणून पुढचं विचारतो. स्ट्रॅटेजी प्लॅनमध्ये (वेगवेगळ्या मुदतींची कामं एकत्र असलेल्या प्लॅनमध्ये) ३ महिन्यांचं, ६ महिन्यांचं आणि १२ महिन्यांचं पॅकेज, म्हणजे त्या त्या मुदतीच्या कामांचा गट, आहे. बाराव्या महिन्यात तिन्ही एकाच दिवशी येतात. मग फिटरने ग्रीसिंगही करायचं, कपलिंगही तपासायचं आणि ओव्हरहॉलही? ओव्हरहॉलमध्ये पंप पूर्ण उघडणारच आहे, तर आधी ग्रीसिंग कशाला?

जुबेलवासी

हा प्रश्न प्लँटवरच्या माणसालाच पडतो! गाळप काका, बघा, विद्या कामी आली.

सातपूरकर

त्यासाठीच पॅकेजला हायरार्की (वरची-खालची पातळी) असते. तिघांना एकच पातळी दिली तर तिन्ही पॅकेजची कामं ऑर्डरमध्ये येतील. १२ महिन्यांच्या पॅकेजला वरची पातळी दिली तर त्या दिवशी फक्त तेच येईल, खालची दोन गळतील. मात्र खालच्या पॅकेजमधलं एखादं काम ओव्हरहॉलच्या वेळीही हवंच असेल, समजा गार्ड तपासणं, तर टास्क लिस्टमध्ये ते ऑपरेशन १२ महिन्यांच्या पॅकेजलाही जोडून ठेवायचं. नाहीतर वर्षातून एकदा ते नेमकं राहून जातं.

गाळप_हंगाम

पंपहाऊस, परीक्षेची तारीख घेतली की इथे टाका. आणि सातपूरकर, ऊस गाळपाचं यंत्र कॅलेंडरवर नाही, किती टन गाळलं त्यावर झिजतं. त्याचा प्लॅन कसा लावायचा?

सातपूरकर

काका, त्याला काउंटर लावायचा. मिलच्या इक्विपमेंटला टनांचा मेजरिंग पॉइंट, त्यात एका वर्षात साधारण किती टन याचा अंदाज भरायचा. सिस्टीम त्यावरून तारीख काढते आणि रोजचं खरं गाळप भरत गेलात की ती सुधारत जाते. हंगाम लवकर आटोपला तर तारीख आपोआप पुढे जाते. टन आणि कॅलेंडर दोन्ही हवं असेल, म्हणजे जे आधी येईल ते, तर मल्टिपल काउंटर प्लॅन घेऊन त्यात 'किंवा' जोड निवडा. हाही परीक्षेचाच भाग आहे, पंपहाऊसदादा, आज रात्री एवढं करून बघा.